नावे, जमा

१२ जानेवारी, रात्रीचे साडेदहा

उद्या भोगी. घरात तीळ नाहीत म्हणून संध्याकाळी पिशवी घेऊन निघाले, आणि दोन तास अण्णांच्या दुकानात बसून आले. तीळ राहिलेच.

दुकान होतं तिथे, असं म्हणायला हवं. अर्धं शटर वर, आत एकच बल्ब. अण्णांची थोरली, आमची ताई, पुण्याहून आलीय. जागा भाड्याने द्यायची म्हणून आवरायला घेतलंय. अण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मला हाक मारून म्हणाली, "ये की गं आत, वह्या बघ किती निघाल्यात."

सोलापूरच्या साखर पेठेतलं ते एवढंसं किराणा दुकान. पण तिथे चार भाषांत उधारी मागता यायची. बिड्या वळणाऱ्या बायका तेलुगूत मागायच्या, मागावरची पोरं मराठीत, पलीकडच्या गल्लीतल्या चाची उर्दूत. अण्णा ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि मनातल्या मनात मोजायचे मात्र कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. ओठ हलताना दिसायचे. पुडी रद्दीच्या कागदाची, पण बांधायला मागावरचं उरलेलं सूत. चादरीचं लाल, हिरवं, कधी गडद निळं. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली पुडी, उजव्या हाताने दोन वेढे, एक गाठ, आणि झटका देऊन सूत तोडायचं. कात्री त्यांनी कधी हातात धरलेली मला आठवत नाही. ती रंगीत सुतं मी जमवून ठेवायचे.

स्वभावाने गोड वगैरे अजिबात नव्हते. गोळी फुकट मिळायची नाही. तागडीचा काटा मध्यावर म्हणजे मध्यावर, चार दाणे इकडे नाहीत की तिकडे. आम्हा पोरांना त्यांचा रागच यायचा.

पण माप त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. कोणाच्या घरी महिन्याला किती तेल जातं ते त्या घरातल्या बाईपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. नेहमी अर्धा किलो डाळ नेणारी बाई पाव किलो मागायला लागली की विचारायचे, "कारखान्यात बिड्या बाद झाल्या काय?" मोठ्याने नाही. पुडी बांधता बांधता, खाली बघत.

मिल बंद पडली तेव्हा बाबा दोन महिने घराबाहेरच पडले नव्हते. वर्षानुवर्षं भोंग्यावर उठणारा माणूस. भोंगा थांबल्यावरही त्याच वेळेला उठून अंथरुणात बसून राहायचे. किराणा अण्णांकडून येत राहिला, खातं फुगत गेलं. शेवटी आई म्हणाली, अण्णांना सांगा, थोडं सोडून द्या. बाबा गेले. मी बोट धरून होते. अण्णा म्हणाले, "सोडणार नाही. आठवड्याला दहा रुपये दे. नसले तर पाच दे, पण शनिवारी ये."

आईला ते फार लागलं होतं. वाणी तो वाणीच, असं म्हणाली होती. मलाही तसंच वाटायचं, बरीच वर्षं. बाबा मात्र शनिवारी जायचे. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. दहा रुपये द्यायचे, अण्णा जमेत लिहायचे, वही फिरवून बाबांना दाखवायचे, मग दोघं चहा प्यायचे. तिथे बसूनच बाबांना एका टॉवेलच्या कारखान्यात काम मिळालं, कारण चहाला तिसरा जो माणूस यायचा तो तिथे जॉबर, म्हणजे कामगार लावणारा मुकादम होता. उधारी माफ झाली असती तर बाबांनी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं असतं. हे मला आत्ता कळतंय, चाळिशी उलटल्यावर.

आज ते पान सापडलं. दहा, दहा, पाच, दहा, मध्ये एका शनिवारी नुसतीच रेघ, पुन्हा दहा. चार पानं. खाली "पूर्ण". ताईला म्हटलं, हे पान देतेस? म्हणाली, "नको, एक काढलं की बाकीची सुटतील." खरं होतं. शिवण केव्हाच उसवलीय.

मग आम्ही किल्लारीच्या भूकंपाचं काढलं. १९९३, ३० सप्टेंबरची पहाट, पावणेचारच्या पुढे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं नुकती पाठ टेकत होती. सोलापुरातही भांडी पडली, सगळी पेठ रस्त्यावर. किल्लारी इथून फार लांब नाही. बातम्या यायला लागल्या तशा पेठेतून भाकऱ्या गोळा झाल्या, चादरी निघाल्या. अण्णांनी दुकान लावून घेतलं आणि आत बसून रात्रभर पुड्या बांधल्या. मीठ, काडेपेटी, चहापूड, गूळ. एका घराला एक. कोणी तरी म्हणालं, धान्य पाठवा की. तर म्हणाले, "धान्य सगळेच पाठवतील. मीठ कोणाच्या ध्यानात येत नाही." ताईच्या बोटांना सुतानं चिरा पडल्या होत्या म्हणे. तेव्हा ती दहावीत.

घरच्यांना हे सगळं किती परवडलं? माणूस गेल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात तीळ, गूळ, बाजरी यांचा वर्षातला सगळ्यात मोठा खप, आणि नेमके तेव्हाच अण्णा दुकानात नसायचे. बारा तारखेला सकाळी आधी चार हुतात्मा पुतळ्यांना हार. १९३१ साली याच दिवशी त्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. अण्णांच्या वडिलांनी त्याच्या आदल्या वर्षी इंग्रजांनी इथे लावलेला मार्शल लॉ पाहिलेला, गांधी टोपी घालायला बंदी होती ते दिवस. म्हणून अण्णांची टोपी कायम पांढरी, तीही रोज धुतलेली. हार घालून झाला की बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा चढवून सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर गावातल्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. तीन दिवस दुकान अण्णांच्या बायकोवर, म्हणजे अक्कांवर, आणि तिघी पोरींवर. अक्का चिडायच्या. "देवाला बाराबंदी, आम्हाला तागडी," असं म्हणायच्या आणि गूळ फोडायच्या.

पण रोज दुपारी एक ते चार मात्र शटर खाली. कोणीही येऊ दे. अंथरुणाला खिळलेल्या आईला स्वतः भरवायचे, तिच्याशी कन्नडमध्ये बोलत बसायचे. तिन्ही पोरींच्या परीक्षेला केंद्राबाहेर पेपर सुटेपर्यंत उभे. मधलीला नर्सिंगला पाठवलं तेव्हा भाऊबंद नाराज झाले. अण्णा काही बोलले नाहीत, फी भरून आले.

निघता निघता ताईनं एक वेगळी वही काढली. वर नुसतं "घर". म्हटलं हे काय? अण्णा स्वतःच्या घरचा किराणाही उधारीवर लिहायचे! पाव किलो रवा, एक साबण, अक्कांच्या नावे. भांडवल घरानं खाऊ नये म्हणून. नावेच्या बाजूला पानंच्या पानं भरलेली. जमेची बाजू कोरी.

शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या भोगीची. तीळ पाव, गूळ अर्धा.

ताईनं दुकानाच्या दारातूनच आत घरात ओरडून सांगितलं, "आई, बाकी आहे गं तुझी."

आतून अक्का म्हणाल्या, "शनिवारी देते म्हणावं."