मावशींची वाटी

"साखर नगं, मॅडम. इख हाय ते मला."

मावशी घामानं डबडबल्या होत्या, हात लटलट कापत होते, तरी साखरेच्या पाण्याचा पेला मागे सारत होत्या. ग्लुकोमीटरनं ५८ दाखवले होते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की वाट बघायची नसते. ३ चमचे साखर पाण्यात ढवळून मी ते जवळजवळ बळंच पाजलं. १५ मिनिटांनी पुन्हा बघितलं तेव्हा ९४. मग माझा जीव भांड्यात पडला.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. मावशींना मधुमेह निघून जेमतेम महिना झाला होता. तेव्हा उपाशीपोटीची साखर १८२ होती. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड लिहून दिलं आणि मी हातात छापील तक्ता ठेवला: ओट्स, ब्राउन ब्रेड, सफरचंद, सॅलड. बाहेर रांग होती. मावशींना वाचता येतं का, एवढंही मी विचारलं नाही. ती चूक माझीच.

त्या दिवशी रक्त द्यायचं म्हणून त्या पहाटेपासून उपाशी होत्या, गोळी मात्र न चुकता घेतलेली. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. आदल्या रात्रीही अर्धीच भाकरी. शेजारणीनं भात सोडायला लावला, जावेनं केळी, आणि वर रोज कारल्याचा रस. चहात तेवढा गूळ चालू होता, कारण गुळानं काही होत नाही असं गावात सगळेच सांगतात. होतं. गुळानंही साखर वाढतेच.

"पिशवीत काय आणलंय, मावशी?"

त्यांनी फडकं सोडलं. मालदांडी ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, कांदा.

"आणि कोरड्यास? आमटी-भाजी?"

"उरलं तर."

घरात सात माणसं. आधी गडी जेवणार, मग पोरं, मग सून, सगळ्यांत शेवटी मावशी. तोवर आमटीचं पातेलं रिकामं. भाकरी आणि ठेचा तेवढा हमखास उरतो. ज्वारी चांगली, पण तिच्या पिठातही शंभरातले सत्तर भाग पिष्टच, म्हणजे पोटात गेल्यावर साखरच. जोडीला मटकीची उसळ, पिठलं, मेथी असली तर साखर सावकाश चढते. आणि नेमकं तेच त्यांच्या ताटात कधी येत नव्हतं. माझ्या तक्त्यात याला जागाच नव्हती.

डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवलं. मी मुलाला आत घेतलं आणि सांगितलं, आमटी-भाजी झाली की पहिली वाटी आईची काढायची, मग पंगत. मावशी संकोचल्या. "गड्यांच्या आधी माझं काढायचं? बरं दिसतंय व्हय?" मी म्हटलं, "औषध आहे असं समजा. गोळी उरली तर घेता का?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दीड भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट आमटी, पालेभाजी, आणि चहा बिनगुळाचा, एवढंच ठरवलं. तोंडीच.

पुढच्या महिन्यात सून सोबत आली. उपाशीपोटी १२८. मेटफॉर्मिनची गोळी या वेळी खाण्यासोबत घ्यायची म्हणून डब्यातच बांधून आणली होती. मी सुनेला विचारलं, वाटी रोज काढता ना?

"दोन काढतो आता," मावशीच म्हणाल्या. "हिची बी."