प्लायवुडचे पैसे माझ्या खात्यात

जून २०२३. सीएदादाने माझं बँक स्टेटमेंट पेन्सिलने खुणा करत वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “अगं, तू एवढं कमावतेस? कधी बोलली नाहीस.”

मी हसले. तो हसला नाही.

मी इंटिरियर डिझायनर आहे. नोकरी सोडली २०१८ मध्ये, तेव्हापासून एकटीच काम करते. ड्रॉइंग, थ्रीडी व्ह्यू, साइटवर जाऊन सुताराशी वाद घालणं, सगळं माझंच. (दादा म्हणजे मैत्रिणीचा मोठा भाऊ. फी घेतो, पण ओरडतो घरच्यासारखा.) त्या वर्षी चार घरांची कामं होती आणि चारही ठिकाणी नवरा-बायको दोघं नोकरी करणारे. “ताई, आम्हाला कुठे वेळ आहे, तुम्हीच सगळं आणा, पैसे तुमच्या खात्यात टाकतो.” मलाही ते सोयीचं वाटलं. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल असं सगळं माझ्या खात्यातून घेतलं. दुकानदार मला ओळखतात, त्यामुळे बिलंही माझ्याच नावाने फाडली गेली. सुतारांची मजुरी दर शनिवारी रोख.

वर्षाअखेरीस माझी फी झाली ९ लाख २० हजार. पण खात्यात जमा झाले होते २६ लाख २० हजार. मधले १७ लाख आले तसे गेले होते, माझ्या हाताला फक्त भुसा लागला.

आता हे समजायला आयकर कायद्यातलं ४४एडीए हे कलम माहीत हवं. आपल्यासारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठी (डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, इंजिनियर, इंटिरियरवाले वगैरे) ही सोय २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणली. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, उरलेली निम्मी खर्च धरली जाते. पावत्या, वह्या, घसारा, काही मागत नाहीत. पुढे रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख केली. दुकान किंवा छोटा धंदा असेल तर त्याचं भावंड ४४एडी: तिथे उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, हे मात्र लोक सोयीस्कर विसरतात.

मी चार वर्षं ४४एडीएवर सुखात होते. पण कलम विचारतं तुमची एकूण जमा किती. त्यातलं प्लायवुड किती, हे ते विचारत नाही. २६ लाख २० हजारांचे निम्मे म्हणजे १३ लाख १० हजार माझं उत्पन्न. ८०सीचे (विमा, पीपीएफ अशा बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख वजा केले तरी कर १ लाख ६६ हजार ९२०. आणि नुसत्या फीवर हिशेब झाला असता तर? ४ लाख ६० हजार उत्पन्न, कर शून्य.

“बिलं क्लायंटच्या नावाने असती तर म्हणता आलं असतं की हे पैसे त्यांचेच, तू नुसती पोचवलेस. पण बिलं तुझ्या नावाची,” दादा म्हणाला.

दुसरा रस्ता होता: निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचं, पण मग हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट आलं. तेच केलं. मालाची बिलं सापडली, बरीचशी व्हॉट्सअॅपवर, दोन तर माझ्या साइटच्या डायरीत पट्टी म्हणून खोचलेली. घोडं अडलं सुतारांपाशी. एका माणसाला एका दिवशी १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. माझे शनिवार ३५-४० हजारांचे होते. असे २ लाख ४० हजार रुपये खर्चातून उडाले. मजुरी दिली होती, माणसं खरी होती, कपाटं आजही उभी आहेत. पण कागदावर तो माझा नफा. शेवटी उत्पन्न धरलं गेलं साडेआठ लाख आणि कर भरला ५४ हजार ६००. व्याज वेगळं, ऑडिटची फी वेगळी.

आणि जीएसटी. सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी घ्यावी लागते. मी ती रेषा जानेवारीत ओलांडली होती आणि मला पत्ताच नव्हता. पुढच्या तीन महिन्यांच्या पैशांवरचा १८ टक्के जीएसटी क्लायंटकडे मागायला तोंड नव्हतं, कारण कोटेशनमध्ये तो लिहिलेलाच नव्हता. खिशातून भरला.

तेव्हापासून माझ्या कोटेशनच्या पहिल्याच पानावर एक ओळ ठळक असते: माल आणि मजुरीचे पैसे क्लायंट थेट दुकानदाराला व कारागिराला देईल, बिल क्लायंटच्या नावाने होईल. काही क्लायंट या ओळीवरून कुरकुरतात. दुकानदार त्याहून जास्त कुरकुरतात, कारण यात डिझायनरचं कमिशन बसत नाही. हे कमिशन आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. मी ते क्लायंटला बिलात सूट म्हणून द्यायला सांगते. मी फार साधी आहे असं नाही, पण पाकिटात आलेले पैसेही उत्पन्नच असतात. शिवाय कमिशन ना ४४एडीएच्या निम्म्या हिशेबात बसतं, ना ४४एडीत. त्याची वेगळी डोकेदुखी मला नको.

जीएसटीची नोंदणी आता कायमची गळ्यात आहे. जमा परत २० लाखांच्या आत आल्यावर रद्द करता आली असती, पण ऑफिसची कामं देणाऱ्यांना जीएसटीचं बिलच हवं असतं, त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्यांच्या जीएसटीतून वजा होतो. यातली जाचक गोष्ट म्हणजे बिल फाडलं की कर देणं लागू, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणून मी आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल पाठवते, पैसे येण्याची चिन्हं दिसली की खरं बिल. आणि अॅडव्हान्स आला तर त्यातलाही जीएसटी त्याच दिवशी बाजूला.

“बाजूला” म्हणजे खरोखरच बाजूला, वेगळ्या बँकेत. त्या खात्याचं अॅप मी फोनवर घेतलेलंच नाही. नोकरीत असताना पगार हातात यायचा तो कापून, पीएफ कापून, टॅक्स कापून, प्रोफेशन टॅक्सचे दोनशे रुपये कापून. जे हातात आलं ते माझं, बिनधास्त खर्च करायचं. धंद्यात पैसे अख्खे येतात. त्यातला वाटा मागायला सरकार नंतर येतं, म्हातारपण तर फारच नंतर. मधल्या काळात ते पैसे आपलेच वाटत राहतात.

प्रोफेशन टॅक्सवरून आठवलं. महाराष्ट्रात तो नोकरदारांइतकाच आपल्यालाही लागतो, वर्षाला २,५००, आणि आपण स्वतः नोंदणी करून भरायचा असतो. नोकरी सोडताना मला हे कुणीही सांगितलं नाही. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला सुरू झाला, हे कळल्यापासून भरताना मी कुरकुरत नाही. थकबाकी भरली तेव्हा मात्र कुरकुरले होते.

टीडीएसबद्दल (पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर) एकच गोष्ट सांगते, पण ती महाग पडलेली आहे. घरमालक स्वतःच्या घराच्या फीवर सहसा टीडीएस कापत नाहीत, ऑफिसवाले कापतात, १० टक्के. आम्ही आपले खूश, कर परस्पर भरला गेला म्हणून. एका ऑफिसने माझे ३१ हजार कापले आणि सरकारकडे भरलेच नाहीत. रिटर्न भरताना फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराची सरकारी नोंद) उघडला तर त्यांच्या नावाची ओळच नाही. फोन केला की “अकाउंटंट रजेवर आहे.” तो अकाउंटंट चौदा महिने रजेवर होता. कायद्याच्या कलम २०५ मध्ये स्पष्ट आहे की कापून घेतलेला कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, पण कर कापला हे आपल्याला दाखवावं लागतं. माझ्याकडे होतं ते बँकेत आलेलं कापीव पेमेंट आणि त्यांचा एक मेल, त्यात “टीडीएस वजा करून” असे शब्द होते. तो मेल मी अजून जपून ठेवला आहे. आता तिमाही संपली की पुढच्या महिनाअखेर २६एएस बघते (चौथ्या तिमाहीसाठी मेअखेर), आणि फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) हातात आल्याशिवाय पुढचं ड्रॉइंग सोडत नाही.

याच ऑफिसवाल्यांसाठी एक हत्यार आहे, ते बहुतेक फ्रीलान्सरांना ठाऊक नसतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. एजंट पैसे मागतो, त्याला देऊ नका. नोंदणी झाली की आपण सूक्ष्म उद्योग. अशा सेवा पुरवणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) आलं: मुदत चुकवली तर त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. मार्चमध्ये त्यांचा सीए थकलेल्या बिलांची यादी घेऊन बसतो आणि मग आपल्यालाच उलट फोन येतो. मी उद्यम क्रमांक बिलावर छापते. रागाने मागण्यापेक्षा हे बरं.

आता बचतीचं. २०१९ च्या मार्चमध्ये, २८ तारखेला, एका ओळखीच्या विमा एजंटने मला “टॅक्स वाचवायला” एक पॉलिसी विकली. हप्ता ४८ हजार. वाचला किती? ९ हजार ९८४. म्हणजे दहा हजारांसाठी मी पंधरा वर्षं ४८ हजार भरायची शपथ घेतली. आणि ज्या वर्षी काम कमी त्या वर्षीही हप्ता तेवढाच. २०२० मध्ये साइट्स बंद होत्या, जमा शून्य, आणि हप्त्याचा एसएमएस मात्र वेळेवर. तिसऱ्या वर्षानंतर ती मोडली. भरलेले पूर्ण परत मिळत नाहीत, हे तेव्हा नीट वाचलं.

आता तर तो दहा हजारांचा मोहसुद्धा उरला नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरतात आणि तिच्यात ८०सी नाही, ८०डी (आरोग्यविम्याची वजावट) नाही. जुनी हवी असेल तर धंदेवाल्यांना फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नोकरदार दर वर्षी इकडे-तिकडे उड्या मारू शकतात, आपण जुनीत गेलो की परत नवीत एकदाच येता येतं, मग दार बंद. मी गेलेच नाही. २०२४-२५ मध्ये जीएसटी वगळून माझी फी १८ लाख ४० हजार, उत्पन्न ९ लाख २० हजार, कर ४३ हजार ६८०. २०२५-२६ मध्ये फी १९ लाख ६० हजार, उत्पन्न ९ लाख ८० हजार, कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंत आता सूट आहे. म्हणजे २४ लाखांच्या फीपर्यंत निम्म्याच्या हिशेबात कर येतच नाही. (नोकरदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट आपल्याला नाही, ती धरून कुणी हिशेब सांगत असेल तर सावध.) रिटर्न भरायचंच आहे, कापलेला टीडीएस त्याशिवाय परत येत नाही. एरवी १५ मार्चच्या आत अख्खा अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) भरायची धावपळ असते. आपल्या ४४एडीएवाल्या गटाला चार हप्ते नाहीत, एकच तारीख. ती यंदा शांतपणे गेली.

इतकी शांत, की मार्चमध्ये मी एक रुपयाही कुठे गुंतवला नाही. कराच्या भीतीने का होईना, आधी दीड लाख बाजूला जायचे. भीती गेली आणि ते दीड लाख हळूहळू नव्या लॅपटॉपमध्ये, एका सहलीत आणि कुठे-कुठे विरले. ते ध्यानात आलं तेव्हा स्वतःचाच राग आला. आपला पीएफ कापणारं कुणी नाही, ग्रॅच्युइटी देणारं कुणी नाही.

म्हणून आता पीपीएफमध्ये दरमहा १२ हजार. नव्या प्रणालीत भरल्याची वजावट नाही, पण व्याज अजूनही करमुक्त आहे. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर बसून आहे, फार नाही. मला त्यातली आवडणारी गोष्ट निराळीच. धंद्यातली देणी थकली आणि कुणी कोर्टात गेलं, तरी पीपीएफमधली रक्कम त्या देण्यापोटी जप्त होत नाही. एकट्या माणसाच्या धंद्यात आणि घरात भिंत नसते. ही एक भिंत तरी आहे. खर्चाचे सहा महिने मात्र साध्या एफडीत, २०२० विसरलेले नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन नवा आयकर कायदा आला आहे. कलमांचे आकडे बदलले, वर मी लिहिलेत ते जुने, तोंडात बसलेले. आर्थिक वर्ष आणि कर निर्धारण वर्ष असा जो घोळ होता तो मिटला, आता एकच ‘कर वर्ष’. माझ्यासारखीने चलान भरताना तीनदा चुकीचं वर्ष टाकलेलं आहे, तिला एवढंही पुरे.

पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. या महिन्यात साइटवर फॉल्स सीलिंगची गडबड होती, मी सहाला भरले. एकाहत्तर रुपये गेले. दादाला सांगितलेलं नाही.