मेलवर टाक, मग बघू

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही सात वर्षं शेजारच्या टेबलांवर काम केलं, जेवायला एकत्र, कुरकुर करायला एकत्र, आणि मग ती आमच्याच टीमची मॅनेजर झाली. पहिल्याच आठवड्यात मी सुट्टीचं विचारायला तिच्याकडे गेले तर ती म्हणाली, "मेलवर टाक, मग बघू." बस, एवढंच. आवाज चढलेला नव्हता, चेहराही नेहमीचाच, पण मला ते इतकं लागलं की मी घरी येऊन सांगितलं, खुर्ची मिळाली की माणसं बदलतात. पुढे दोन वर्षं मी तेच धरून बसले होते.

मग भाचीने कॉलेजला समाजशास्त्र घेतलं आणि परीक्षेआधी तिला प्रश्न विचारता विचारता मीच ते पुस्तक वाचायला लागले. आणि पहिल्याच प्रकरणात ती खुर्ची सापडली.

समाजशास्त्रात दर्जा आणि भूमिका असे दोन शब्द आहेत. राल्फ लिंटन या अभ्यासकाने 1936 मध्ये ते नीट वेगळे करून मांडले. इथे दर्जा म्हणजे मानमरातब नाही हं, दर्जा म्हणजे नुसती जागा. मुलगी, पेशंट, शिक्षक, भाडेकरू, मॅनेजर या सगळ्या जागाच. काही जागा जन्मासोबत येतात, त्यांना अर्पित म्हणतात, काही आपण मिळवतो, त्या अर्जित. त्या जागेवरच्या माणसाने जसं वागावं अशी बाकीच्यांची अपेक्षा असते ती झाली भूमिका. आणि अशा सगळ्या जागा, त्यांच्यातली नाती आणि नियम यांची जी वीण असते तिला सामाजिक संरचना म्हणायचं. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला आधी वाटायचं की हा परीक्षेत लिहायचा शब्द आहे. पण एखाद्या ऑफिसचा विचार करा, वीस वर्षांत तिथला एकूण एक माणूस बदललेला असतो, कुणी रिटायर, कुणी दुसरीकडे गेलेलं, आणि तरी ते ऑफिस तसंच चालू असतं, तेच अर्ज, त्याच सह्या, कुणी कुणाला आधी विचारायचं तेही तेच. माणसं सगळी गेली तरी जे उरलं ती संरचना.

त्यात एका जागेला एकच भूमिका असते असंही नाही. रॉबर्ट मर्टनने 1957 मध्ये याला भूमिका-संच म्हटलं. मॅनेजरकडून वरचे साहेब एक मागतात, हाताखालची माणसं दुसरं, हिशेब बघणारे तिसरं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच मागणं साधं सरळ आहे. माझ्या मैत्रिणीची तर त्याहून मोठी अडचण होती, तिच्याकडे मॅनेजर आणि मैत्रीण या दोन जागा एकाच वेळी होत्या आणि समोर मी उभी, मला त्यातली एकच दिसत होती. याला भूमिका-संघर्ष म्हणतात. हे नाव वाचलं तेव्हा खरं सांगते, पुस्तक मिटून मी जरा वेळ गप्प बसले.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग समूहाचा. आधी एक साफ करून टाकते, स्टॉपवर थांबलेली पन्नास माणसं म्हणजे समूह नव्हे, आणि जगातले सगळे डावखुरे लोक हाही समूह नव्हे, ती नुसती वर्गवारी. समूहात एकमेकांशी देवाणघेवाण लागते, एकमेकांकडून अपेक्षा लागतात आणि "आपण" म्हणावंसं वाटायला लागतं. चार्ल्स कूलीने 1909 मध्ये कुटुंब, खेळगडी अशा जवळच्या, समोरासमोरच्या समूहांना प्राथमिक म्हटलं, माणूस तिथेच घडतो म्हणून. कामापुरते जमलेले ते दुय्यम.

आणि गेऑर्ग झिमेल! या जर्मन माणसाने शंभर वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट बघितली, समूहात माणसं किती आहेत याचाच नात्यावर परिणाम होतो, ती माणसं कशी आहेत हे नंतर. दोघांच्या समूहातून एक उठला की समूह संपला, म्हणून दोघांचं नातं सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात नाजूकही. तिसरा आला की सगळं बदलतं. आता एक गेला तरी समूह राहतो. आता दोघं मिळून एकाला बाजूला काढू शकतात, तिसरा भांडण मिटवू शकतो, भांडणाचा फायदा उठवू शकतो किंवा मुद्दाम भांडण लावूनही देऊ शकतो. दोघांमध्ये यातलं काहीच शक्य नव्हतं. आणि पुढे तर आकडेच बघा, दोघांत एक जोडी, तिघांत 3, चौघांत 6, दहा जणांत 45 आणि वीस जणांत 190 जोड्या. म्हणून मोठ्या ग्रुपमध्ये कुणीतरी ॲडमिन लागतो, नियम लागतात, सगळ्यांशी सारखीच जवळीक ठेवायला कुणाला जमतच नाही.

नियम लेखी झाले, कामं वाटली, कोण कुणाच्या हाताखाली ते ठरलं की समूहाची संघटना होते. माक्स वेबरने नोकरशाहीची जी लक्षणं सांगितली ती हीच, उतरंड, ठरलेलं काम, लेखी नोंद, पात्रतेवर नेमणूक आणि माणूस बघून नियम न बदलणं. नोकरशाही म्हटलं की आपल्या मनात शिवीच येते, पण त्या शेवटच्या लक्षणात केवढा न्याय आहे! जिची मॅनेजरशी सात वर्षांची मैत्री नाही तिलाही माझ्याइतकीच सुट्टी मिळायला हवी ना. "मेलवर टाक" म्हणजे हेच होतं, आणि मी दुय्यम समूहात जाऊन प्राथमिक समूहाची वागणूक मागत होते.

कागदावरची संघटना हीच पूर्ण संघटना असंही नसतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये एका खोलीत काम करणाऱ्या 14 कामगारांचा अभ्यास झाला. जास्त काम केलं की जास्त पैसे अशी व्यवस्था होती, तरी कामगारांनी आपापसात दिवसाचा कोटा ठरवून टाकला होता, त्याहून जास्त करणाऱ्याची टिंगल व्हायची, दंडावर गुद्दा बसायचा, आणि साहेबांकडे चुगली करणारा तर कुणालाच नको असायचा. यातलं एक अक्षर कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हतं. औपचारिक संघटनेच्या पोटात अशी एक अनौपचारिक संघटना कायम असते आणि नवीन माणसाला खरं ट्रेनिंग तीच देते.

हे सगळं वाचून भाची म्हणाली, "मावशी, मग कुणाची चूकच नाही, सगळं जागेचं?" मला हे पटत नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे 1950 च्या दशकातले प्रयोग आहेत, रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम, पण खोलीत खरी परीक्षा एकाचीच असायची आणि बाकीचे सगळे प्रयोग करणाऱ्याशी आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. अशा वेळी जवळपास एक तृतीयांश वेळा परीक्षा देणारे लोक डोळ्यांना दिसणारं सोडून सगळ्यांचं उत्तर द्यायचे. पण त्या बाकीच्यांतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण एकदम खाली यायचं. फक्त एकाने. म्हणजे समूहाचा दाब खरा आहे आणि तो दाब कमी करणारं माणूसही खरं आहे. आणि असं माणूस व्हायचं की नाही हे जागा ठरवत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

गेल्या वर्षी मैत्रिणीने ती नोकरी सोडली. तिच्या जागी बाहेरून एक गृहस्थ आले, शांत, मृदू, तिच्याहून अगदी वेगळ्या स्वभावाचे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे एका कामाचं विचारायला गेले तर ते वर बघून हसले आणि म्हणाले, "मेलवर टाका, मग बघू." मला काही लागलं नाही. टेबलाशी येऊन मी मेल टाकला आणि मग मैत्रिणीला फोन लावला.