आपले धरणग्रस्त, परके धरणग्रस्त

"कोयनेच्या विस्थापितांसाठी काम करता, मग ते अरुणाचलातले चकमा निर्वासित मध्येच कुठून आणता? आधी आपल्या माणसांचं बघा की." सभा संपली की कुणीतरी हे विचारतंच. विचारणारे बहुतेक वेळा स्वतः धरणग्रस्त असतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

माझ्या आजीचं गाव जावळी तालुक्यातलं, कोयनेच्या शिवसागर जलाशयात बुडालेलं. कोयना धरणाचं काम 1950 च्या दशकात सुरू झालं आणि 1964 च्या सुमारास धरण उभं राहिलं. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये. तोवर माणसं सांगली-सोलापूरपासून रायगडपर्यंत पांगली होती. त्याच काळात पूर्व पाकिस्तानात, चितगावच्या डोंगराळ भागात, कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झालं. 1962 मध्ये पाणी साठलं आणि सुमारे एक लाख माणसं उठली, त्यातले बहुतेक चकमा जमातीचे. 1964 च्या सुमारास त्यांतले हजारो भारतात आले आणि सरकारने त्यांना आजच्या अरुणाचलात वसवलं.

आजी नव्या गावठाणात गेली तेव्हा तिथल्यांना आम्ही नको होतो. आम्हाला मिळालेली जमीन कालपर्यंत कुणीतरी कसत होतं, त्यांचं गायरान आमच्या घरांखाली गेलं होतं. त्यांचा राग खोटा नव्हता. आमची माणसं डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणारी, काळ्या रानात ज्वारी पेरायची कशी हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या एका बाईने आजीला ते शिकवलं, बियाणंही दिलं. घरच्यांचा विरोध पत्करून दिलं. आजी शेवटपर्यंत तिचं नाव घ्यायची.

अरुणाचलातल्या छोट्या जमातींना वाटतं की आपल्याच डोंगरात आपण अल्पसंख्य होऊ. ती भीतीही मी खोटी म्हणणार नाही. पण चकमांना 'राज्य सोडा' म्हणून धमकावलं जाऊ लागलं, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 जानेवारी 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्या माणसालाही आहे, राज्याने त्यांना हुसकावू देऊ नये आणि नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवावेत. तरीही 2015 मध्ये न्यायालयाला नागरिकत्वाबाबत पुन्हा आदेश द्यावा लागला. एवढ्या काळात तिथे जन्मलेली पोरं मोठी झाली!

आपल्या माणसांचं काम मी सोडलेलं नाही. संकलन यादीत, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी यादीत, आजोबांचं नाव शोधत फिरणाऱ्या नातवंडांबरोबर मी आजही कचेरीत जातो. पण तिथे आम्ही मागतो काय? धरणाने उठवलेला माणूस कुठेही जाऊन पडला तरी त्याला जमीन आणि हक्काचा कागद मिळालाच पाहिजे, हेच ना? ही मागणी आपल्या हद्दीपाशीच थांबवायची असेल, तर आजीच्या नव्या गावाने ती आमच्यासाठी तरी का मानावी? त्यांच्या लेखी आम्ही परकेच होतो.