तो फोटो अजून भिंतीवर का आहे

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. तुम्हीच नाही, मुलांना मैदानावर सोडायला येणारे निम्मे पालक हेच विचारतात. साहित्याच्या खोलीत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतल्या आपल्या चार बाय चारशे रिले संघाचा फोटो आहे. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर. "मॅडम, यातल्या तिघी पुढच्याच वर्षी डोपिंगमध्ये सापडल्या ना? मग पोरांसमोर हा आदर्श कशाला?"

आदर्श म्हणून लावलेलाच नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. ३ मिनिटं २७.७७ सेकंदांची ती शर्यत मी टीव्हीवर पाहिली आणि चारशे मीटर पळायचं ठरवलं. ट्रॅकवर मिल्खासिंगांच्या १९५८ नंतरचं ते आपलं पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण. ज्या नमुन्यांत सापडलं ते २०११ चे. दिल्लीचं पदक कोणी काढून घेतलेलं नाही. आणि मनजीत त्या सापडलेल्यांत नव्हतीच. तिचा फोटो कोणत्या गुन्ह्यासाठी उतरवायचा?

हे मी तावातावाने बोलते खरी, पण २०११ मध्ये मीच सगळ्यांत जास्त भडकले होते. या तिघी धरून एकूण सहा धावपटू मुली अडकल्या. स्टेरॉइड. परदेशी प्रशिक्षकांनी चीनहून आणलेल्या जिनसेंगमधून ते गेलं, असं मुलींचं म्हणणं. मी म्हणाले, सहा जणींना एकदम अपघात होतो होय?

मग माझ्यावर वेळ आली. राष्ट्रीय स्पर्धेत शर्यत संपवून मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या, डोपिंग चाचणीच्या एक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. लघवीचा नमुना देईपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. संडासाचं दार उघडं. बनियन छातीपर्यंत वर, शॉर्ट्स गुडघ्यांपर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत मागे, हातात भांडं, समोर बाई. कमीत कमी नव्वद मिली लागते. शरीरातलं पाणी घामावाटे गेलेलं, त्यात लाज. थोडीशी झाली आणि थांबली. तेवढी सील करून ठेवली आणि मला पुन्हा बाकावर बसवलं. पाणी प्यायचं, तेही सीलबंद बाटल्यांतली एक आपण स्वतः उचलून. बाहेर बक्षीस समारंभ उरकला, आमची बस गेली, मी बसूनच.

पण घाम फुटला तो फॉर्म भरताना. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहा. सर रोज सराव संपला की तळहातावर एक लाल कॅप्सूल ठेवायचे, आणि डब्यातली पावडर. डब्यावर लेबल नव्हतं. 'ताकदीचं आहे' एवढंच आम्हाला ठाऊक. नाव विचारायचं म्हणजे सरांवर अविश्वास, आणि असली मुलगी पुढच्या संघात कशी असेल? शेवटी लिहिलं, 'व्हिटॅमिन'. सोबतच्या तिघी-चौघीही त्याच डब्यातलं खात होत्या. डबा एकच असला की सहा जणींना एकदम अपघात होतो, हे मला त्या बाकावर कळलं.

माझ्याबाबतीत पुढे काही पत्र आलं नाही, म्हणजे काही सापडलं नसावं. त्या पावडरीत काय होतं ते मला आजही माहीत नाही. धावपटूच्या अंगात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हा नियम मी आता मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. त्याच नियमाने त्या सहा जणींची एक वर्षाची बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिंपिक गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई त्यांना पाठीशी घालतात. थोडं घालते. पण सहा जणींतली प्रियांका पंवार बंदी संपवून परतली, २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत मनदीपसोबत रिलेचं सुवर्ण जिंकली, वेळ ३ मिनिटं २८.६८, स्पर्धेचा विक्रम. मी आनंदाने नाचले. २०१६ ला ती पुन्हा सापडली, वेगळ्याच द्रव्यासाठी, आणि आठ वर्षांची बंदी लागली. तेव्हा २०११ मधली मी कानाशी येऊन म्हणाली, बघ, सांगत होते ना! तिला काय उत्तर देऊ? एकीचं दुसऱ्या वेळचं प्रकरण बाकीच्या पाच जणींच्या पहिल्या वेळेला लावता येत नाही, असं म्हणते. ती गप्प बसत नाही.

फोटोवरून सगळ्यांत जास्त वाद घालणारे एक वडील परवा पिशवीतून भलामोठा डबा घेऊन आले. मुलासाठी जिमच्या दुकानातून आणलेला. "मॅडम, हे चालेल का?" सील फोडलेलं, निम्मा संपलेला. घटकांची यादी वाचली. बंदी असलेलं काही छापलेलं नव्हतं. पण छापलं नाही म्हणजे आत नाही, असं थोडंच असतं? "दुकानदार आपल्या ओळखीचा आहे हो," ते म्हणाले. मी नको म्हणून डबा परत दिला. मुलगा रोज सरावाला येतो. घरी काय घेतो, ते मला माहीत नाही.