चंद्रावरच्या सावल्या

1609 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे रेखाचित्र काढले. गॅलिलिओने चंद्राकडे दुर्बीण वळवली ती त्यानंतर काही महिन्यांनी. हॅरियट यांच्या त्या पहिल्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा वाकडीतिकडी आहे, पण ती तशी का असावी याचा काहीच सुगावा चित्रातून लागत नाही. छायाप्रकाश रंगवण्याचा सराव असलेल्या गॅलिलिओला मात्र त्या सीमेपलीकडच्या अंधारात उजेडाचे ठिपके दिसले आणि ते हळूहळू वाढत उजळ भागाला मिळतात हेही लक्षात आले. पहाटे दरी काळोखात असताना डोंगरमाथे आधी उजळतात, तसेच हे आहे, असे त्याने 1610 मध्ये लिहिले. विज्ञान आधी सिद्ध होते आणि मग लोकांसाठी त्याला चित्रांची सजावट करायची असते, ही समजूत मला याच उदाहरणामुळे अपुरी वाटू लागली. येथे पाहणे हेच चित्रकाराचे होते.

विज्ञान गोष्टीच्या रूपात सांगण्याचेही तसेच आहे. मायकेल फॅरडे यांनी 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती एका मेणबत्तीवर. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात नळी धरून आतली वाफ बाहेर आणायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवायची, म्हणजे जळते ते मेण नसून मेणाची वाफ आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथून ते पाणी, हवा आणि कार्बन यांवरून थेट आपल्या श्वासापर्यंत पोहोचतात. यात नाट्य भरपूर आहे, पण प्रत्येक वळण प्रयोगानेच घेतलेले आहे.

उपमा वापरताना माझी स्वतःची फजिती झाली आहे. अणू समजावताना मी बरीच वर्षे फळ्यावर सूर्यमाला काढत असे. एकदा एका मुलीने विचारले, "फिरता फिरता इलेक्ट्रॉन दमून आत पडत नाहीत का, सर?" फिरणारा विद्युतभार ऊर्जा गमावत आत कोसळायला हवा, हीच अडचण विसाव्या शतकाच्या आरंभी भौतिकशास्त्रज्ञांपुढे होती. चित्र चुकीचे होते, तरी नेमका प्रश्न त्यातूनच निघाला. तेव्हापासून मी ती सूर्यमाला काढतो आणि हा प्रश्न कोणी विचारला की सगळ्यांसमोर पुसतो.