अलार्म चालू ठेवून कॅरॅव्हॅनमध्ये स्वयंपाक : माझा अनुभव

तव्यात तेल तापलं की स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. बॅटरी काढून ठेवणं हा यावरचा सगळ्यांत सोपा उपाय, आणि सगळ्यांत घातकही. कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, शेगडीपासून झोपायची जागा दोन-तीन मीटरवर असते, दार बहुधा एकच असतं आणि भिंती-फर्निचर पटकन पेट घेतात. म्हणून अट एकच ठेवली : अलार्म काढायचा नाही, झाकायचाही नाही. बाकी काय वाटेल ते बदलायची तयारी होती.

आधी वाजतंय ते नेमकं कोणतं यंत्र, हे पाहिलं. छतावरचा धुराचा (स्मोक) अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा (अपुऱ्या ज्वलनातून होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म आणि जमिनीलगत बसवलेला गॅसगळतीचा अलार्म, असे तिन्ही एकाच खोलीत असले की घाईत गफलत होते. अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच ‘चिक’ असा आवाज येत असेल तर धूर नाही. बॅटरी उतरली आहे किंवा यंत्राचं आयुष्य संपलं आहे. हा आवाज हमखास पहाटे येतो, कारण थंडीत बॅटरीचं व्होल्टेज आणखी खाली जातं. गॅसगळतीचा अलार्म अल्कोहोलच्या वाफेने किंवा स्प्रेनेही फसतो. पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडी चालू असताना वाजला तर त्याला खोटा समजू नये. गॅस बंद करायचा, दार उघडायचं, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि शेगडी तपासून घेईपर्यंत पेटवायची नाही.

माझा अलार्म धुराचाच होता. तो उतरवून मागचं लेबल वाचलं. तिथे अमेरिसियम-२४१ (एक किरणोत्सारी मूलद्रव्य) लिहिलेलं असेल किंवा किरणोत्साराचं चिन्ह असेल, तर तो आयोनायझेशन प्रकारचा. त्यात अमेरिसियममुळे हवेतून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहत असतो. कण आत शिरले की तो घटतो आणि अलार्म वाजतो. तापलेल्या तेलातून आणि टोस्टमधून डोळ्यांना न दिसणारे बारीक कण उठतात, आणि हा प्रकार नेमका त्यांनाच लवकर ओळखतो. म्हणून काहीही करपलेलं नसताना तो ओरडतो. ऑप्टिकल अलार्ममध्ये इन्फ्रारेड प्रकाश कणांवरून विखुरला की सेन्सरवर पडतो. त्याला मोठे कण जास्त जाणवतात, त्यामुळे गादी किंवा वायर धुमसत असेल तर तो लवकर जागा होतो आणि परतण्या-भाजण्याला बराच शांत राहतो. कॅरॅव्हॅनसाठी मी ऑप्टिकलच घेईन. एक उणीव मात्र आहे : वाफ. पाण्याचे थेंब त्याला धुरासारखेच दिसतात.

नुसता उष्णतेचा अलार्म लावून मोकळं व्हावं, असा मोह होतो. तो धुराने वाजत नाही, हवा साधारण ५८ अंश सेल्सियसच्या आसपास तापल्यावरच वाजतो. मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात तो ठीक आहे. जिथे स्वयंपाक आणि झोप एकाच खोलीत, तिथे तेवढी उष्णता व्हायच्या आत धूर माणसापर्यंत पोचलेला असतो. धुराच्या अलार्मऐवजी तो चालणार नाही.

यंत्र बदलण्याआधी साफसफाई करून बघावी. सेन्सरच्या कप्प्यात धूळ साचली की तो आधीच अर्धा ‘भरलेला’ असतो. थोडासा धूर पुरतो. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून कडेच्या फटी ओढून घेतल्या, वरून कोरडं फडकं फिरवलं. पाणी किंवा पॉलिशचा स्प्रे वापरायचा नाही. बरेच महिने बंद उभ्या असलेल्या गाडीत आत किडेही शिरतात. उत्पादनाची तारीखही पाहावी : दहा वर्षं झाली असतील तर साफसफाईत वेळ न घालवता नवा आणावा.

मग जागा. शेगडीपासून ३ मीटर अंतर ठेवावं असं सर्वसाधारणपणे सांगतात; लहान गाडीत ते मिळतच नाही. जमेल तितकं लांब, झोपायच्या बाजूला, छतावर, भिंतीपासून आणि दिव्यापासून निदान ३० सेंटिमीटर सोडून. कोपऱ्यात हवा साचून राहते, म्हणून तो टाळायचा. हीटरच्या झोताच्या वाटेत नको, न्हाणीच्या दारासमोर नको आणि छताच्या झरोक्याला लागूनही नको. तिथे ताजी हवा खरा धूरसुद्धा बाजूला ढकलते.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो हवेच्या दिशेने. शेगडीजवळची खिडकी उघडावी असं कोणालाही वाटतं. पण वारा त्याच बाजूने येत असेल तर तो सगळा धूर आत, थेट अलार्मकडे लोटतो. उलट करायचं : ताजी हवा अलार्मच्या पलीकडच्या खिडकीतून आत यावी, अलार्मखालून शेगडीकडे जावी आणि शेगडीवरच्या पंख्यातून किंवा झरोक्यातून बाहेर पडावी. हे तपासायला टिश्यू पेपरची २ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब पट्टी अलार्मखाली टांगली. पट्टी शेगडीकडे झुकली तर बरोबर. अलार्मच्या पलीकडे झुकली तर धूर त्याच्याखालून जाणार; दुसरी खिडकी उघडून पाहायची. गाडी उभी करायची दिशा बदलली की उत्तरही बदलतं, म्हणून प्रत्येक मुक्कामी ही परीक्षा करतो.

आधी खिडकी, मग पंखा, मग गॅस. सगळं बंद ठेवून पंखा लावला तर तो हवा मिळेल तिथून ओढतो, प्रसंगी एखाद्या गॅस उपकरणाच्या धुराड्यातूनही. पंखा दोन मिनिटं आधी सुरू करायचा आणि शेगडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचा. शेगडीवरचं हूड हवा बाहेर टाकतं की फिल्टरमधून परत आतच सोडतं, हेही बघा. दुसऱ्या प्रकारात तेलकटपणा अडतो, धूर सगळा अडत नाही. खालचे कायमचे हवेचे झरोके थंडी वाजते म्हणून बुजवू नयेत.

शेगडीपाशी लक्ष दिलं ते बर्नरखालच्या ताटलीकडे आणि ग्रिलच्या ट्रेकडे. मागच्या वेळचं सांडलेलं तेल पुन्हा तापतं आणि आज काही न करपताही धूर होतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, आणि तेलातून पहिली निळसर रेघ उठायच्या आत आच कमी करायची. उकळत्या पातेल्यावर झाकण हवंच, विशेषतः थंड सकाळी, कारण वाफ छताला लागून लगेच थेंब होते. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी म्हणजे ज्वलन अपुरं आहे. ते गॅसच्या जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावं. भरपूर तेलात तळणं मी आत करतच नाही.

एवढं करूनही टोस्ट काळा झाला तर अलार्म वाजणारच, वाजायलाच हवा. आधी शेगडीकडे पाहून आग नाही याची खात्री करायची, मगच शांत करण्याचं बटण दाबायचं. त्याने संवेदनशीलता साधारण दहा मिनिटं कमी होते आणि यंत्र आपोआप पूर्ववत होतं. नवा अलार्म घेताना हे बटण आहे ना, हे पाहून घ्यावं. प्रवासात हादऱ्यांनी बॅटरीचा संपर्क सैल होतो, म्हणून गाडी उभी करून पट्टीची परीक्षा घेतली की लगेच चाचणीचं बटणही दाबतो.